पाण्यात कोंडलेला म्हसोबा

आमच्या घरात माणसं दोनच, पण बाटल्या इतक्या की त्यांच्या नावानं वेगळं रेशनकार्ड निघालं असतं. गॅलरीत बाटल्या, जिन्याखाली बाटल्या, पाहुण्यांच्या खोलीतल्या कपाटात बाटल्या. नवा माणूस घरी आला की आधी बाटल्यांकडे बघायचा, मग आमच्या ह्यांच्याकडे आणि शेवटी माझ्याकडे, दयेनं. मला दर वेळी सांगावं लागायचं, "अहो, तसलं काही नाही. हे रेल्वेच्या जुन्या वस्तू जमवतात."

हे म्हणजे माझे यजमान, लक्ष्मणराव. टेलिफोन खात्यात उभी हयात गेली, पण जीव कायम रेल्वेत. निजामाच्या काळात आमच्या भागात छोट्या रुळांची गाडी आली. तिचं जे जे म्हणून मागे उरलं असेल ते ह्यांना हवं. स्टेशनावर मिळायच्या त्या गोटी सोड्याच्या हिरवट बाटल्या, कडेला डोसाच्या खुणा असलेल्या औषधाच्या बाटल्या, सिग्नलच्या कंदिलाच्या लाल-हिरव्या काचा, रूळ जागी घट्ट बसवायच्या गंजक्या लोखंडी चाव्या. भंगारवाला ज्याला हात लावत नाही ते आमचे हे रिक्षा करून घरी आणतात. मग जुना टूथब्रश, लिंबू आणि राख घेऊन दुपारभर घासत बसतात. घरातलं एक भांडं कधी विसळलं असेल तर शपथ.

त्यातली सगळ्यात लाडकी म्हणजे जाड काचेची एक चौकोनी बरणी. स्टेशनातल्या तारयंत्राच्या बॅटरीला अशा बरण्या लागायच्या म्हणे. मी एकदा सहज म्हटलं, "हिच्यात लिंबाचं लोणचं छान राहील." त्यावर ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चपला घालून देवघरात शिरले होते. तेव्हापासून त्या बरणीला हात लावायचा नाही, असा घरात कायदा होता.

एवढं सगळं असूनही एका गोष्टीची हळहळ ह्यांना कायम होती. रेल्वेच्या हद्दीचा दगड. रूळ टाकताना रेल्वेनं आपल्या जमिनीच्या कडेनं घडीव दगड पुरले होते. दगडावर रेल्वेची इंग्रजी अक्षरं आणि माथ्यावर छिन्नीनं मारलेली फुली. पुढं मोठे रूळ आले, उखडाउखड झाली आणि ते दगड कुठं कुठं गेले. कुणाच्या घराच्या पायात बसले, कुणाच्या मोरीत कपडे धुवायला. ह्यांनी पार जालन्यापर्यंत रुळाकडेनं पायपीट केली, पण एक दगड मिळाला नाही. "एकही उरला नाही गं," असं ते घरातलं माणूस गेल्यासारखं सांगायचे.

ह्या वेडातूनच आमची बन्सीशी ओळख झाली. करमाडच्या अलीकडे, रुळाला लागून त्याचं शेत. त्या शेताच्या एका कोपऱ्यात पूर्वी स्टेशनातल्या लोकांचा उकिरडा होता, त्यामुळे नांगर फिरला की ढेकळांबरोबर बाटल्या वर येत. बन्सी शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत पाळीनं कामाला जायचा आणि उरलेल्या वेळात शेती बघायचा. सापडलेल्या बाटल्या तो आमच्यासाठी पोत्यात राखून ठेवायचा. रविवारी आम्ही आमच्या जुन्या मारुतीतून जायचो. बांधावर कडुलिंबाच्या झाडाखाली म्हसोबा होता. गुडघ्याएवढा, पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर चढून गोल गरगरीत झालेला, वर चांदीचे दोन डोळे चिकटवलेले. हे त्याला टेकून बसायचे, लिंबाच्या सावलीत बाटल्या पुसायचे आणि पुसलेल्या बाटल्या त्याच्याच पायाशी ओळीनं मांडायचे.

बन्सीची आई सरूबाई ओरडायची, "काका, त्येच्या म्होरं बाटल्या मांडू नगा. त्यो आदीच तापट हाय!"

"असू दे, गोटी सोड्याचा जुना ग्राहक असेल एखादा," हे म्हणायचे. सरूबाई पदरात तोंड लपवून हसायची आणि मग म्हसोबाला हात जोडून ह्यांच्या वतीनं माफी मागायची.

मग ते दुष्काळाचे दिवस आले. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. तेव्हा शहराचं नाव अजून औरंगाबादच होतं, आणि शहर चहूबाजूंनी वाढत होतं. जिकडे बघावं तिकडे नव्या इमारती, आणि प्रत्येक इमारतीपुढं टँकरची रांग. आमच्या सिडकोत नळाला आठवड्यानं पाणी यायचं. ते आलं की बादल्या, पातेली, कुकर, चहाचं भांडं, काय सापडेल ते भरायचं. बन्सीच्या म्हसोबापासून हाकेच्या अंतरावर त्याची विहीर होती. तिचं पाणीही खाली गेलं होतं, पण ती आटली नव्हती. वस्तीवरची सगळी घरं तिच्यावर तगून होती. आम्ही निघालो की बन्सी न विचारता आमच्या गाडीत दोन कॅन ठेवायचा. खरं सांगायचं तर त्या उन्हाळ्यात हे बाटल्यांसाठी जायचे आणि मी पाण्यासाठी.

त्याच उन्हाळ्यात बन्सीच्या शेजारची जमीन अप्पारावांनी घेतली. शेंद्र्याच्या कंपन्यांना गोडाऊन लागत होती, त्यांना ती बांधायची होती. माणूस काही वाईट नव्हता. पांढरे कपडे, गोड बोलणं, प्रत्येकाला नमस्कार. पण त्यांनी खासगी माणसाकडून जमीन मोजून घेतली, तर विहीर त्यांच्या हद्दीत निघाली, आणि गोडाऊनचा पाया नेमका तिथंच येत होता. विहीर बुजवायची ठरली. बन्सीचं म्हणणं, विहीर आज्यानं खोदली, आपल्याच रानात खोदली. रेल्वेचा दगड होता तिथवर आपली हद्द, असं बाप सांगायचा. पण दगड कुठाय, ते बन्सीला ठाऊक नव्हतं आणि सांगणारा बाप राहिला नव्हता.

बन्सीनं सरकारी मोजणी मागवली, आणि तारीख आली तसा ह्यांना फोन केला. "काका, तुमाला रेल्वेचं समदं ठावं हाय. तुमी निस्ते येऊन हुबे ऱ्हावा. मला धीर यील."

हे इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. मलाही यायला सांगितलं, कारण आपलं कौतुक होताना बायकोनं बघावं असं नवऱ्यांना कोणत्याही वयात वाटतं.

मोजणीवाला तरुण होता, पण पोक्त वागणारा. त्यानं म्हसोबापुढंच सतरंजीवर नकाशा पसरला. "दोन्ही गटांची हद्द इथं रेल्वेच्या दगडाला मिळते," तो बोट ठेवून म्हणाला. "दगड मिळाला तर तिथून मोजतो. नाही तर रुळाकडचा नवा खांब धरावा लागेल. दगडाची कुणाला माहिती आहे?"

बन्सीनं ह्यांना पुढं केलं. "आमच्या काकांना इचारा, सायेब. त्यांचा अभ्यास हाय."

आणि आमच्या ह्यांनी घसा साफ केला. पहिला रूळ कधी पडला, दगड कुठल्या खाणीतून आले, रूळ बदलताना ते कसे उखडले गेले, सगळं सांगितलं. लोक माना डोलवत होते. मला कौतुक वाटत होतं, खोटं कशाला सांगू? शेवटी छाती काढून म्हणाले, "मी स्वतः हा सगळा पट्टा पायी हिंडलोय. छातीठोकपणे सांगतो, हद्दीचा एकही दगड आज शिल्लक नाही."

मोजणीवाल्यानं मान हलवली. "मग प्रश्नच मिटला. नव्या खांबावरून मोजू."

"जाणकार मानूसच सांगतोय म्हनल्यावर काय," अप्पाराव हात जोडून म्हणाले.

ह्यांना आपण काय बोलून बसलो ते तेव्हा कळलं. पण शब्द गेला तो गेला. खांबावरून मोजणी झाली आणि विहीर सरळ अप्पारावांच्या पदरात पडली. बन्सी विहिरीच्या कठड्यावर हात ठेवून उभा राहिला. त्यानं नेहमीसारखे दोन कॅन भरून आमच्या गाडीत ठेवले, आणि मला तिथंच रडू आलं.

मोजणीवाल्याला दया आली असावी. "पुढच्या आठवड्यात खुणा कायम करायला येईन," तो जाताना म्हणाला. "तोवर दगड दाखवलात तर परत मोजतो. त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

घरी येईपर्यंत मी कशीबशी गप्प होते. दार लावलं आणि सुटले. "तुम्हाला नुसतं उभं राहायला बोलावलं होतं ना? उभं राहायचं होतं की! 'शोधावं लागेल' म्हणाला असता तर जीभ झिजली असती? पण नाही. शहाणपण सांडलं पाहिजे!"

हे खुर्चीत बसून होते. "अनसूया," ते म्हणाले, "माझ्या तोंडानं विहीर गेली गं त्या पोराची."

ते असं म्हणाले आणि माझा राग पाण्यासारखा जिरला. भांडायला समोरचा माणूस ताठ लागतो. हा तर पार मोडून बसला होता. त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी बाटल्यांच्या खोलीकडे फिरकले नाहीत. टोपी घालून, काठी घेऊन बसनं करमाडला गेले. तो सगळा आठवडा हाच उद्योग. रुळाच्या कडेनं, काट्याकुट्यातून, लोकांच्या मोऱ्या आणि गोठ्यांचे पाये तपासत हिंडायचे. संध्याकाळी परत यायचे ते उन्हानं करपून, चपलांत माती घेऊन. "आहे?" मी विचारायचे. ते मान हलवायचे. त्यांचे गुडघे आधीच दुखरे. मी रोज तेल चोळून द्यायचे आणि मनात चरफडायचे की कुठला हा दगड आणि कुठला हा माणूस.

आठवड्याच्या मधोमध एके दिवशी ते डबा विसरून गेले. तो घेऊन मी बन्सीच्या शेतावर पोचले, तर लिंबाखाली वेगळाच प्रकार दिसला. सरूबाईनं म्हसोबाभोवती चिखलाचं आळं घातलं होतं, चांगलं गुडघ्याएवढं उंच. आत पाणी, आणि पाण्यात म्हसोबा गळ्यापर्यंत बुडालेला. नुसते चांदीचे डोळे वर. वस्तीवरची एक बाई आली, तांब्याभर पाणी आळ्यात ओतून, पाया पडून गेली.

माझं डोकं फिरलं. "सरूबाई, माणसांना प्यायला पाणी नाही आणि तुम्ही दगडाला आंघोळ घालताय?"

"आंघूळ नव्हं, बाई," सरूबाई शांतपणे म्हणाली. "कोंडलाय त्येला. इहीर वाचंस्तवर भाईर काढायचा नाय. जीव गुदमरू दी त्येचा बी."

"आणि हे पाणी?"

"घरटी एक तांब्या. आपापल्या पिन्यातला." तिनं आळ्याची भेग चिखलानं लिंपली. "त्येच्यासाटी आमी तहान काढायची, मंग त्यानं आमच्यासाटी काय तरी करावं का नाय?"

देव पाण्यात घालून बसणं आपण बोलण्यात नेहमी म्हणतो. माझ्या आजीनंही एकदा मामाच्या आजारपणात देव पाण्यात ठेवले होते. पण दुष्काळात, आपल्या वाट्यातलं पाणी काढून? मी फणकाऱ्यानं म्हटलं, "दगडाला काय कळतंय!" आणि डबा ठेवून घरी आले.

त्याच संध्याकाळी ह्यांनी गुडघ्याला तेल लावून घेता घेता विचारलं, "गॅलरीतली बॅटरीची बरणी दिसत नाही?"

"असेल कुठंतरी," मी म्हटलं. "पाण्याचे ड्रम ठेवताना हलवली असेल."

एरवी ह्या उत्तरावर घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी नुसतं "बरं" म्हणाले. त्या 'बरं'नं मला फार वाईट वाटलं.

खुणा कायम करायची तारीख आली. दगड काही मिळाला नव्हता. ह्यांना जायचं धैर्य होत नव्हतं, पण न जाण्याचंही होत नव्हतं. "जाऊन बन्सीची माफी तरी मागतो," म्हणाले. आम्ही पोचलो तेव्हा सगळे जमले होते. अप्पारावांची माणसं सिमेंटचे खांब उतरवत होती. मोजणीवाल्यानं ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मान खाली घातली. त्यालाच उत्तर समजून तो आपलं यंत्र मांडायला लागला.

बन्सी समोर आला तसं ह्यांनी हात जोडले. "बन्सी, मी..."

"राहू द्या, काका," बन्सी म्हणाला. "तुमी खोटं थोडीच बोलले? नाय तर नाय."

असली माफी फार जड जाते. ह्यांना ती झेपली नाही. ते तसेच लिंबाकडे वळले आणि म्हसोबापुढं जाऊन गुडघ्यांवर बसले. उन्हानं आळ्यातलं पाणी बरंच खाली गेलं होतं. इतकी वर्षं त्याला टेकून बाटल्या पुसणारा माणूस, पण त्याच्या पाया पडताना मी ह्यांना पहिल्यांदा पाहत होते. काय पुटपुटले ते ऐकू आलं नाही. मग उठायला गेले, पण गुडघे कुठले साथ देतायत? सवयीप्रमाणे त्यांनी आधारासाठी म्हसोबाच्याच खांद्यावर दोन्ही हात ठेवले आणि भार टाकला.

चर्र असा आवाज झाला आणि म्हसोबाचा खांदा ह्यांच्या हातात आला.

नुसता खांदा नाही, पोट, तोंड, चांदीच्या डोळ्यांसकट माथा आणि पुढची सगळी बाजू. हातभर शेंदराचं कवच टरफलासारखं सुटलं आणि त्याला कवटाळून आमचे हे आळ्याच्या चिखलात धपकन बसले. वस्तीवरच्या बायका किंचाळल्या. कुणीतरी "देव फोडला! देव फोडला!" म्हणून ओरडलं. विहीर घालवली ती घालवली, आता ह्यांनी देवही मोडला. इथून आम्ही धड घरी जात नाही, असं मला वाटलं.

तेवढ्यात सरूबाई पुढं धावली. तिनं आधी ह्यांच्या हातातल्या कवचाला डोकं टेकवलं आणि मग वळून सगळ्यांवर ओरडली, "गप्प बसा गं! फोडला नाय. देवानं कवच टाकलंय! त्येच्या मनात आल्याबिगर त्यो टाकत नसतो!"

बायकांनी हात जोडले. ह्यांचं मात्र कुणाकडेच लक्ष नव्हतं. ते समोर बघत होते. शेंदराच्या आत गोल गरगरीत असं काहीच नव्हतं. आत एक सरळसोट, चौकोनी, काळा घडीव दगड उभा होता. ह्यांनी खिशातून रुमाल काढला, आळ्यातल्या पाण्यात भिजवला आणि बाटल्या पुसतात तसा अगदी हलक्या हातानं दगडाचा चेहरा पुसला. मग माथा पुसला. मग हात थांबला. आठवडाभरापूर्वी इतकं बोललेला माणूस, आणि बोलायची खरी वेळ आली तेव्हा मुका.

मग मीच चिखलात उतरले आणि वाचलं. मोठ्यानं वाचलं, पार विहिरीपर्यंत ऐकू जाईल असं. "एन. एस. आर.! निजाम स्टेट रेल्वे! साहेब, इकडे या! माथ्यावर फुली पण आहे!"

मोजणीवाला धावत आला. त्यानं नकाशा काढला, दगड बघितला, रूळ बघितले, परत नकाशा बघितला. "हाच," तो म्हणाला. "आणि हललेला नाही. गेल्या खेपेला मी ह्याच्याच पुढ्यात बसून विचारत होतो, की दगड कुठंय!"

"सासू म्हनायची की," सरूबाई डोळे पुसत म्हणाली, "ह्यो म्हसोबा आगीनगाडीसंगं आला म्हनून. पर देवाला कुनी पुसतं व्हय, तू कुठला, कुना गावचा?"

यंत्र दगडाच्या फुलीवर लागलं. ती मोजणी होईपर्यंतचा वेळ मला अजून आठवतो. बन्सीनं डोळे मिटून घेतले होते. मोजणीवाल्याचा मदतनीस फीत घेऊन विहिरीच्या दिशेनं चालत गेला, विहिरीपाशी पोचला, विहीर ओलांडून पलीकडे गेला आणि तिकडे बऱ्याच अंतरावर त्यानं चुन्याची खूण केली. विहीर अख्खी अलीकडे राहिली.

"बन्सीभाऊंची," मोजणीवाला एवढंच म्हणाला.

मग जो गलका झाला तो काय सांगू! बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. बन्सीनं ह्यांना चिखलातून उचललं ते सरळ उचलूनच धरलं. इस्त्रीच्या शर्टाला शेंदूर, चिखल, तेल, सगळं लागलं होतं आणि हे लहान मुलासारखे हुंदके देत होते. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. अप्पाराव पुढं आले. मी मनात म्हटलं, आता हे काही तरी खुसपट काढणार. पण त्यांनी चपला काढल्या, दगडाला नमस्कार केला आणि म्हणाले, "मोजनी ती मोजनी. आन्‌ वर देवाची. गोडाऊन सरकवतो मागं. बन्सी, पानी पाज बाबा, घसा पार सुकलाय."

बन्सीनं त्याच विहिरीचं पाणी त्यांना दिलं. अप्पारावांनी तांब्याभर पिऊन आणखी मागितलं.

सरूबाईनं मात्र वेळ घालवला नाही. तिनं आळं फोडून देवाला मोकळं केलं आणि वाटीत तेल-शेंदूर कालवायला घेतला. ह्यांचा चेहरा पडला तो फक्त मला दिसला. जो दगड ह्यांनी जन्मभर शोधला तो जेमतेम दोन घटका डोळ्यांपुढं होता, आणि आता परत झाकला जाणार होता. बन्सीलाही कुठंतरी समजलं असावं. "काका," तो हळूच म्हणाला, "आयेला सांगू का? अक्षरं तेवढी उघडी ठिवाय?"

"देव उघडा ठिवू?" सरूबाई कडाडली.

ह्यांनी त्या अक्षरांवरून एकदा बोट फिरवलं, एकेका अक्षराच्या खाचेतून, सावकाश. मग हात पुढं केला. "आणा ती वाटी. पहिलं बोट मी लावतो."

जुन्या वस्तूंवरचा गंज आणि राप खरवडण्यात ज्यांची अर्धी हयात गेली, त्या माझ्या नवऱ्यानं आपल्या आयुष्यातला सगळ्यात मोठा शोध स्वतःच्या हातानं झाकला. एन झाकला, एस झाकला, आर झाकला. माथ्यावरची फुली तेवढी मोजणीवाल्याच्या सांगण्यावरून कोरडी ठेवली. मला त्यांचा इतका अभिमान वाटला, की भर लोकांत मी माझ्या पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

कवच गंगेत सोडावं लागतं, पण पैठणला तेव्हा गोदावरीत कवच बुडेल एवढंही पाणी नव्हतं. "पाऊस झाला की सोडा, तवर तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या," सरूबाई ह्यांना म्हणाली. "तुमाला जुन्या वस्तू संबाळायची सवं हाय." तेव्हा येताना आमच्या मारुतीत मागच्या सीटवर म्हसोबाचं कवच, दोन्ही बाजूंना पाण्याचे कॅन, आणि पुढं चिखलानं माखलेले आम्ही दोघं. क्रांती चौकातल्या सिग्नलला शेजारच्या रिक्षातला माणूस चांदीचे डोळे बघून हात जोडता झाला. हे इतके हसले, की सिग्नल सुटला तरी गाडी सुरू करायचं विसरले. मागचे हॉर्न वाजवून थकले.

घरी आल्यावर ते कवच ठेवायला ह्यांनी गॅलरीत जागा केली. मग हातपाय धुऊन, कधी नव्हे ते देवाला नमस्कार करायला म्हणून देवघरात गेले. मी स्वयंपाकघरात कुकर लावून कणीक मळत होते. माझ्या लक्षात आलं तोवर उशीर झाला होता.

"अनसूया," आतून आवाज आला. "बॅटरीची बरणी सापडली."

मी कणकेचे हात घेऊन दारात उभी राहिले. देवघरात, फोटोंच्या मागं सरकवलेली ती चौकोनी बरणी त्यांनी पुढं ओढली होती. बरणी गळ्यापर्यंत पाण्यानं भरलेली, आणि तळाशी माझी माहेरची पितळेची अन्नपूर्णा बसलेली होती.

"दगडाला काय कळतंय, असं सरूबाईला म्हणालीस ना तू? बन्सीनं सांगितलं मला," हे म्हणाले.

"म्हणाले होते," मी म्हटलं. "त्याच संध्याकाळी ठेवली. विहीर वाचेपर्यंत, आणि तुम्ही पोटभर जेवेपर्यंत. घरात एवढी मोठी काचेची बरणी दुसरी नव्हती. ओरडायचं असेल तर ओरडा."

ते ओरडले नाहीत. बरणीच्या काचेवरून त्यांनी हात फिरवला आणि वाकून आत पाहिलं.

"विहीर तर वाचली," ते म्हणाले. "आता पान वाढ. भूक लागलीय. जेवलो की दोघं मिळून बाहेर काढू तिला."